कमानीवरचे पत्रे

सकाळपासून डोकं फिरलंय. जुन्या पेठेतल्या एका दगडी कमानीत ड्रिलने भोकं पाडून लोखंडी सांगाडा ठोकत होते. त्यावर चकचकीत पत्रे बसणार. फलकावर काय लिहिलंय, तर ‘सुशोभीकरण’! मी विचारलं, अरे, इथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं का? ड्रिल धरलेला पोरगा म्हणाला, “ताई, आम्हाला फक्त पत्रे बसवायला सांगितलंय.”

त्याच्यावर कशाला चिडू? पण तेव्हापासून आमच्या जुन्या घराची ती भिंत डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

भिंत ओल धरायची. बाबांनी वरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. गुळगुळीत, छान. दोनच पावसाळे. मग पोपडे सुटले आणि आतल्या विटांचा भुगा व्हायला लागला. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी गिलावा फोडला, मूठभर चुरा बाबांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “भिंतीचं तोंड दाबलंत तुम्ही.” जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं.

आज त्या कमानीचं तोंड दाबताहेत, आणि तेही सार्वजनिक पैशातून!

हे सगळं आधी होऊन गेलंय हो. अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत गावोगावच्या जुन्या बाजारपेठांनी अगदी हेच केलं. गिऱ्हाईक गावाबाहेरच्या मोठ्या मॉलकडे वळलं, म्हणून आपणही नवं दिसावं यासाठी विटांच्या सुंदर दर्शनी भागांवर धातूचे पत्रे चढवले. गिऱ्हाईक काही परत आलं नाही. मग १९७७ मध्ये तिथल्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत प्रयोग सुरू केला. प्रत्येक गावात पेठेसाठी पूर्णवेळ एक माणूस नेमला. घरमालक, व्यापारी, बँका, नगरपालिका यांना एकत्र बसवणं हे त्याचं काम. यातूनच गावातली जुनी मुख्य पेठ सावरण्याची ‘मेन स्ट्रीट’ चळवळ उभी राहिली. पुढे कित्येक गावांनी ते पत्रे उतरवले आणि खालच्या जुन्या खिडक्या मोकळ्या केल्या. म्हणजे एकदा झाकायचा खर्च, मग उघडायचा खर्च. आपल्याला ही फेरी पुन्हा मारायची आहे का?

आणि इमारत वाचली म्हणजे पेठ वाचली, असं मानणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. माणसं हाकलून दगड जपायचे, हे कसलं जतन? इटलीतल्या बोलोन्याने १९७३ च्या योजनेत जुन्या शहराची डागडुजी आणि तिथल्या भाडेकरूंची घरं हा एकच प्रश्न मानला. सगळं काही ठरल्यासारखं झालं नाही. घरं ताब्यात घेण्याला विरोध झाला, तेव्हा मालकांशी करार करण्याचा मार्ग काढला: दुरुस्तीला मदत घ्या, पण भाडं आवाक्यात ठेवा. भागीदारी म्हणतात ती याला. उद्घाटनाला सगळ्यांना एका स्टेजवर उभं केलं म्हणजे भागीदारी होत नाही.

बरं, काही इमारती खरंच धोकादायक असतात, त्या पाडाव्याच लागतात. मान्य. आणि जतनाचे नियम मालकाच्या गळ्यात बांधून खर्चही त्याच्याच माथी मारला, तर तो इमारत पडायची वाटच बघणार, हेही मान्य. म्हणून तर म्हणतेय, त्याला एकटं सोडू नका.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गवंडीकाकांचं एक सांगायचं राहिलंच. गिलावा फोडायच्या आधी त्यांनी बाबांना विचारलं होतं, “या खोलीत झोपतं कोण?” आजी झोपायची. ते तिच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, “आजी, पाऊस लागला की पहिली ओल कुठून येते?” आजीने पडल्या पडल्या बोट दाखवलं. “त्या कपाटामागून. वरची पन्हळ फुटलीये. किती वर्षं सांगतेय.”

पन्हळ! तिला आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

त्या कमानीच्या वरच्या मजल्यावर अजून दोन बिऱ्हाडं राहतात. उद्या सकाळी दहा वाजता मी आधी त्यांना भेटायला जातेय. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा.