मिसिंग म्हणजे प्लगच, हे खरे नाही

मुंबईतल्या गाडीवाल्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: 'गाडी मिसिंग मारते म्हणजे प्लगच गेले. घरीच इरिडियम प्लग घालून पूर्ण ताकदीने आवळा, मायलेजही वाढेल. तोवर गाडी चालवायला हरकत नाही.' मिसिंग म्हणजे इंजिन मध्येच झटके देणे, आणि प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग; इरिडियम प्लगचे टोक इरिडियम या कठीण धातूचे असते. प्लग घरी बदलता येतात, हे मला मान्यच आहे आणि मी स्वतः ते बदलतो. उरलेला मजकूर मात्र इंजिनाच्या जिवावर बेतणारा आहे.

'प्लगच गेले' हे निदान नव्हे, अंदाज आहे. सिलिंडरमधले इंधन आणि हवेचे मिश्रण वेळेवर पेटले नाही की इंजिन झटका देते. त्यामागे कमजोर कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग), तुंबलेला इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), इनटेकच्या म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाच्या फटीतून शिरणारी जादा हवा किंवा नीट न बसणारा व्हॉल्व्हही असू शकतो. गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून कोड पुन्हा पाहावा. दोष कॉइलबरोबर सरकला तर खर्च कॉइलचा आहे. तो जागेवरच राहिला, तर प्लगचीही तशीच अदलाबदल करावी, आणि तरीही हलला नाही तर नवे प्लग आणून काहीच साधणार नाही. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ असल्याने हेही सांगायला हवे, की सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. जुलैत हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून आल्याबरोबर मिसिंग सुरू झाली असेल, तर कॉइल काढून प्लगच्या खोल भोकात पाणी शिरले आहे का, हे प्रथम पाहावे. कित्येकदा ते कोरडे करणे एवढेच काम असते.

'पूर्ण ताकदीने आवळा' हा तर सर्वांत घातक सल्ला आहे. प्लग पोलादाचा आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचे हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे जोर केला की आटे हेडचेच जातात, आणि मग इन्सर्ट (नवे आटे देणारी धातूची नळी) बसवावा लागतो किंवा हेड उतरवावे लागते. आमच्या सोसायटीत असे गेलेले आटे मी पाहिले आहेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, भोकाभोवतीची धूळ फुंकून काढावी, प्लग पाना न लावता हातानेच फिरवत न्यावा आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, वापरावा. वॉशर असलेल्या १४ मिमी प्लगला सामान्यतः २५ ते ३० न्यूटन-मीटर, तर १२ मिमीला १५ ते २० पुरतात. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

इरिडियमचा खरा फायदा टिकाऊपणाचा आहे. प्लग ठीक असतील, तर त्याने मायलेज वाढत नाही.

राहिले 'चालवायला हरकत नाही'. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, कारण न जळलेले पेट्रोल धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतितापून निकामी होऊ शकतो; त्याची किंमत चार प्लगांच्या कित्येक पट असते.