पिवळ्या टोपणाची बाटली

शुक्रवारी संध्याकाळी बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या आमच्या कट्ट्यावर, म्हणजे बापूच्या दारातल्या दगडी पायरीवर, सुहास टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन आला. तान्ह्या बाळाला आणावं तशी. वेस्टव्लेटेरेन 12, मठातले संन्यासी बनवतात ती बेल्जियमची बिअर. पिवळं टोपण, लेबल नाही, तळघरात आठ वर्षं जपलेली.

"आधी सांग," बापू म्हणाला, "ही त्याच पेटीतली काय?"

झालं. ती पेटी म्हणजे आमच्या कट्ट्याचं पानिपत. तेव्हा मठाचा फोन लागता लागायचा नाही. लागला की गाडीचा नंबर द्यायचा, आणि मग त्या नंबरावर साठ दिवस दुसरी पेटी नाही. सुहासचा नंबर आधीच वापरून झालेला. त्यानं 'दोन दिवस गाडी दे रे' म्हणून बापूची गाडी नेली. बापूला 24 पैकी मिळाल्या दोन.

"तीन. एक वाटेत फुटली."

"फुटली, का तुझ्या घशात फुटली?"

विषय बदलायला सुहासनं ग्लास मागितले. पसरट, उंच पायाचेच हवेत. बापूनं चहाचे कप आणि एक स्टीलची वाटी आणून ठेवली. सुहासचा चेहरा पडला, पण ओतलं त्यानं झकास, हे मान्य करायला हवं. बाटली आडवी धरून, हात न हलवता, तळाचा बोटभर गाळ आतच ठेवून. खाली काळपट तपकिरी, वर दाट बदामी फेस. मग डोळे मिटून त्यानं कप नाकाशी नेला. सत्यनारायणाचं तीर्थ घेतानाही माणूस एवढा गंभीर नसतो.

"मनुका," त्यानं डायरीत लिहिलं. "अंजीर. आणि मागे कुठेतरी जुनं चामडं."

"काकवी," बापू म्हणाला.

"काय?"

"काकवी हाय ही. गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला करपलेली. वरनं कुणीतरी रम ओतल्यागत."

विद्या हसली. तिचा दिवस यीस्टच्या प्रयोगशाळेत जातो. "आज पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर बोललं. करपवलेली साखरच घालतात त्यात. 10.2 टक्के अल्कोहोल आहे, साध्या बिअरच्या दुप्पट. जपून पी."

सुहासला ते लागलं. मग प्रवचन. ट्रॅपिस्ट म्हणजे कडक नियमांचे कॅथलिक संन्यासी, मौन, प्रार्थना, हातांनी कष्ट करून जगायचा संत बेनेडिक्टचा नियम, नफ्यासाठी काही नाही. "ती शांतता उतरते या बिअरमध्ये. जिभेवर कळते."

"कळते?" विद्या उठली, आपली पिशवी घेऊन आत गेली आणि दोन वाट्या भरून आली. "सांग, यातली मठाची कुठली?"

सुहासनं पाच मिनिटं घेतली. मधे पाण्यानं चूळ भरली. एकदा तर चर्चच्या मनोऱ्याकडे बघितलं. मग उजवी वाटी उचलली. "ही. यात खोली आहे."

उजवी होती सेंट बर्नार्डस अब्ट 12, मठाची नव्हे, साध्या कारखान्यातली. कोपऱ्यावरच्या दुकानातून विद्यानं येतायेता उचललेली.

बापू पायरीवरून घसरायचाच बाकी होता.

"गार होती!" सुहास ओरडला. "बारा-तेरा डिग्रीला प्यायची असते! आणि स्टीलच्या वाटीत कसं कळणार?"

"अरे, चुकलास कुठे?" विद्या म्हणाली. "1946 पासून 1992 पर्यंत वेस्टव्लेटेरेनच्या नावाची बिअर लायसन्सवर वाटू गावात या सेंट बर्नार्डसवाल्यांकडेच बनायची. तेव्हा मठातलं यीस्टही तिकडे गेलं आणि अजून तेच वापरतो, असं ते सांगतात. मठ मात्र आता यीस्ट आणतो वेस्टमालेच्या दुसऱ्या मठातून. म्हणजे जुनं यीस्ट भिंतीबाहेर, पाहुणं यीस्ट भिंतीआत. 'ट्रॅपिस्ट' हा शिक्का मठाच्या भिंतीला मिळतो, बिअरला नाही."

सुहासनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं आखेल काढलं, तोही बिअर करणारा ट्रॅपिस्ट मठ. तिथे संन्यासीच राहिले नाहीत आणि 2021 मध्ये शिक्का गेला. "त्या दिवसापासून चव बदलली का रे?"

यावर सुहासनं डायरी मिटली.

खरं सांगायचं तर इथे मी थोडा त्याच्या बाजूचा होतो. पण बोललो नाही, विद्यापुढे कोण बोलणार. मागणी एवढी असून पोटापुरतीच बिअर करायची आणि हात आखडायचा, हे सोपं नाही. 2011 मध्ये मठाच्या बांधकामाला पैसे लागले, तेव्हा त्यांनी जास्तीच्या बाटल्या सुपरमार्केटमध्ये दिल्या. गरज भागल्यावर परत आपलं दार बरं. आमच्यातला एकजण तरी असं करेल का? सुहास तर नक्कीच नाही, तो बाविसावर थांबला.

उरलेला गाळ विद्यानं वाटीत ओतून घेतला, यीस्ट वाया घालवायचं नाही म्हणून. सुहासनं रिकामी बाटली परत टॉवेलात गुंडाळली. टोपण सापडेना. ते बापूनं सेंट बर्नार्डसच्या बाटलीवर बसवून ठेवलं होतं.

निघताना बापूनं हाक मारली. "सुहास, भावा, ती लाकडी पेटी मठात परत केलीस तवा डिपॉझिट मिळालं असंल की रं?"

सुहास सायकलचं कुलूप काढत राहिला.

"नाही, म्हटलं, गाडी माझी होती."