अर्थ सोडून बोला

गाडी घेतली, नंबर एमएच अकरा पडला, कंदी पेढे वाटून झाले. आता बॉनेट उघडा. कंपनीने दिलाय तो दिवा नव्हेच, समई आहे, हे चुलतभावाने तुम्हाला एव्हाना सांगितलंच असेल. त्याच्या जीपला पुढे सहा दिवे आहेत, त्यातले दोन लागतात. सल्ला अशाच माणसाचा घ्यावा.

आधी शंभर वॅटचे बल्ब आणा. मूळचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला, लांबच्या झोताला, ५ ॲम्पिअर. नवा १००/९० चा, तो ८ च्या पुढे जातो. दोन्ही मिळून १६ च्या वर. एवढ्यासाठी जाड वायर ओढा, रिले (स्विचच्या थोड्या करंटावर दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) टाका, बॅटरीजवळ फ्यूज बसवा, असं कुणीतरी सांगेल. त्याच्या नादी लागू नका, खर्चात घालणारी माणसं असतात ही. स्विचमधून वास आला तर नव्या बल्बचा वास समजायचा. फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची. ती उडत नाही. वायर जळते, पण चांदी जागच्या जागी राहते.

रिले टाकायचाच झाला तर त्याच्या पायांवरचे आकडे वाचू नका. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ मध्ये एकीकडे स्विचची लाइन, दुसरीकडे अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परतीची वाट, एवढं सरळ असलं तर वायरमनला काय काम राहिलं? शिवाय काही गाड्यांत दिव्याला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थाच्या बाजूला असतो. तिथे ८५ डोळे झाकून बॉडीला टेकवला की रिले एकतर कायमचा ओढून बसतो, नाहीतर टिक म्हणून करत नाही. मग रिलेच डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला मोकळे.

रिफ्लेक्टर हॅलोजनचा आणि आत एलईडी, ही जोडी तर हवीच. रिफ्लेक्टरची वाटी हॅलोजन बल्बातल्या बारीक तारेच्या जागेच्या हिशोबाने घडवलेली असते. उजेड त्या जागेवरून सरकला की रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यात. यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं की तोच पांढरा उजेड परत येऊन तुमच्या काचेपुढे भिंत उभी करतो. गळीत हंगामात तर आणखी मजा. समोरून येणाऱ्याला तुमच्या झोतात त्याच्या पुढची, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसत नाही. तुमच्या पुढची तुम्हाला दिसते, कारण तुम्ही तिच्यामागेच अडकलेले असता.

राहिल्या डीआरएलच्या, म्हणजे दिवसाही लागणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या. गाडीला भुवया काढल्याशिवाय चेहरा येत नाही. त्या थेट बॅटरीवर घ्या, किल्लीच्या लाइनवर घेण्यात डोकं लावावं लागतं. दोन्ही मिळून १० वॅट धरले तर पाऊण ॲम्पिअरच्या वर. एका रात्रीत ८ ॲम्पिअर-अवर. बॅटरी ३५ ची. मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस मिरजेला रेल्वेने जाऊन या, मग किल्ली फिरवून बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला मालकाला ५००० रुपये दंड आहे, कैदेचीही सोय आहे. भुवयांची जोडी एक धरायची की दोन, हे नाक्यावर साहेबांशी बोलून ठरवा.

आता बिघाड. तो येणारच. उजवा इंडिकेटर दिला की भुवई उडते, डिप्पर मारला की पार्किंग मंद होतो, ब्रेकवर पाय ठेवला की हॉर्न घोगरा. अशा वेळी मीटर लावून बघायचं नाही. आधी बल्ब बदला, मग स्विच, मग वायरमन. माझ्या गाडीत तीन वायरमनांच्या चिकटपट्ट्या आहेत. पहिल्याची काळी, दुसऱ्याची लाल, तिसऱ्याची दवाखान्यातली पांढरी. तिघांनीही आधीच्याचं काम बघून कपाळाला हात लावला आणि त्याच्याच सांध्यावर आणखी एक वायर पीळ मारून जोडली.

मग शेजारचे अण्णा आले. एसटीच्या डेपोत वायरमन होते, आता रिटायर. बोलवलं नव्हतं, दूध घेऊन चालले होते. पिशवी बोनेटच्या कडेला अडकवली आणि दिवे लावायला सांगितले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या अर्थाच्या पिनेला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले १.८ व्होल्ट.

"अर्थ कच्चा हाय रं," म्हणाले. "करंटाला घरी जायला वाट न्हाई, म्हणून शेजारच्या बल्बातनं जातोय."

बॅटरीच्या ट्रेखाली अर्थाच्या वायरचा एक बोल्ट निघाला. मागच्या दिवाळीत गाडी डेंटिंग-पेंटिंग करून आणली होती. रंग बोल्टाच्या खालीसुद्धा गेला होता, अगदी गुळगुळीत, चकचकीत. अण्णांनी पॉलिश पेपरच्या तुकड्याने पत्रा पांढरा होईतो घासला, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस लावलं आणि दूध तापवायचं राहिलंय म्हणून गेले. भुवई उडायची थांबली. पट्ट्या मात्र अजून थेट बॅटरीवरच आहेत, त्यांचं बघायला अण्णांना वेळ नव्हता.

अशा माणसांना बॉनेटजवळ फिरकू देऊ नका. तीन वायरमन, दोन स्विच आणि चार बल्बांचा खर्च त्यांनी पॉलिश पेपरच्या तुकड्यावर आणून ठेवला, आता घरी काय सांगायचं? मी अजून सांगितलेलं नाही. आणि रात्री गाडी लावताना बोगद्याकडच्या चढावर, तोंड उताराकडे करून लावा. सकाळी ढकलायला माणसं कमी लागतात.