पिट्टी बेटावर कोणीही उतरू नये

लक्षद्वीपच्या सहलींची चौकशी आता सांगलीतही होऊ लागली आहे. परवा एका स्नेह्यांनी मला विचारले, की कवरत्तीजवळ पक्ष्यांचे एक बेट आहे म्हणतात, तेथे पर्यटकांना का नेत नाहीत? नेऊ नयेच, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडतो.

पिट्टी हा कवरत्तीच्या वायव्येस भर समुद्रातला, जेमतेम सव्वा हेक्टरचा, झाडझुडूप नसलेला वाळूचा आणि प्रवाळाचा तुकडा आहे. १९९५ साली तो अभयारण्य म्हणून घोषित झाला. काळ्या पाठीचे सुरय, मोठे तुरेवाले सुरय आणि लक्षद्वीपचा राज्यपक्षी असलेला तपकिरी नॉडी या समुद्रपक्ष्यांची तेथे वीण होते. यांतील काळ्या पाठीच्या सुरयाचे पिल्लू एकदा उडाले, की पुढची काही वर्षे जमिनीला पाय लावत नाही. त्याची पिसे भिजतात, त्यामुळे पाण्यावर विसावण्याचीही सोय नसते. जमीन त्याला लागते ती केवळ अंडे घालण्यासाठी.

कृष्णेच्या वाळूवर नदी सुरयाची वीण ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. अंडे उघड्यावरच असते, आणि भर दुपारी आईबापांचे काम ते उबवण्याचे नसून त्यावर सावली धरण्याचे असते. माणूस जवळ आला की सारा थवा उठतो, आणि तेवढ्या वेळात ऊन आणि खेकडे आपले काम करतात. छायाचित्रासाठी पाचच मिनिटे थांबणाऱ्या सज्जन माणसाकडूनही हे नुकसान होते, म्हणून ‘जबाबदार पर्यटन’ हा येथे तोडगा होऊ शकत नाही.

दुसरा धोका होडीतून उतरणाऱ्या उंदरांचा. माणसाबरोबर आलेला परका प्राणी काय करतो, ते इतर बेटांवर दिसले आहे. अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावर माणसांनी नेलेल्या मांजरांमुळे, जगात केवळ तेथेच वीण करणारे फ्रिगेट पक्षी मुख्य बेटावरून हटले आणि शेजारच्या एका खडकावर उरले. मांजरे काढून टाकल्याचे २००६ साली जाहीर झाले. त्यानंतर २०१२ मध्ये ते पक्षी मुख्य बेटावर पुन्हा घरटी करू लागले. पण असे यश हमखास मिळत नाही. अटलांटिकमधल्याच गॉफ बेटावरील उंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्ले कुरतडून खातात. ते संपवण्यासाठी २०२१ साली हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले, तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे उंदीर पुन्हा दिसला.

लोकांनी पाहिल्याशिवाय त्यांना आस्था कशी वाटेल, असा प्रतिवाद नेहमी केला जातो. मला तो पटत नाही. लक्षद्वीपचे मच्छीमार समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून टुना माशांचे थवे ओळखतात, म्हणजे पक्षी टिकण्याची गरज त्यांना आधीच आहे. बेटाची राखण करायची तर त्यांना पगारी रखवालदार नेमावे, गस्तीच्या होडीसाठी कायमचा निधी ठेवावा आणि विणीच्या काळात आसपासच्या पाण्यातही पर्यटकांच्या होड्यांना मज्जाव करावा. आपल्यापैकी कोणाला सहलीत पिट्टीवर उतरवण्याचे आमिष दाखवले गेले, तर कृपया नकार द्यावा आणि तेथील वन विभागाला लेखी कळवावे.