‘लेगसी’ म्हणजे वारसा नव्हे

संस्थांच्या हिशेबांवरील एका लेखात ‘लेगसी’ या इंग्रजी शब्दाला ‘वारसा’ हा प्रतिशब्द दिला आहे, तो मला चुकीचा वाटतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागात वारसा म्हटले की जमिनीच्या उताऱ्यावर वारसांची नावे लागणे डोळ्यांसमोर येते, आणि ती मृत्युपत्र नसतानाही कायद्याने लागतात. ‘लेगसी’ मात्र मृत्युपत्रात लिहून ठेवल्यामुळेच मिळते, मग घेणारा नातलग असो वा गावचे वाचनालय. ‘मृत्युपत्रीय देणगी’ हाच शब्द योग्य. वाचनालयासारख्या ना-नफा संस्थेच्या हिशेबात ही रक्कम सहसा भांडवली जमा (म्हणजे नेहमीचे उत्पन्न नसलेली जमा) धरून ताळेबंदातील भांडवल निधीत मिळवतात, उत्पन्न-खर्च खात्यात घेत नाहीत. मराठी शाळेतून वाणिज्य शाखेत आलेली मुले ‘वारसा’ हा अर्थ धरून नेमकी इथेच अडखळतात, याचे मला फार वाईट वाटते.