चाळीस गॅलऱ्या आणि एक मेल

काल एका नवीन चित्रकाराचा मेसेज आला. "ताई, चाळीस गॅलऱ्यांना काम पाठवलं, एकीचंही उत्तर नाही. ओळखीशिवाय इथे काहीच होत नाही का?"

म्हटलं, मेल दाखव. सगळ्यांना एकच, "डिअर सर/मॅडम". खाली साठ चित्रांची लिंक: निसर्गचित्रं, पोर्ट्रेट, अमूर्त, मध्येच दोन लोगो. अरे, लग्नाची पत्रिकासुद्धा माणूस पाकिटावर नाव घालून देतो!

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. माझा पहिला प्रयत्न याहून वाईट होता. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि गॅलरीच्या मालकांना गाठून सरळ फोन पुढे केला. फोटोत काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा, कोपऱ्यात माझाच अंगठा. ते तेव्हा एका संग्राहकाशी बोलत होते. म्हणजे ज्याची चित्रं भिंतीवर होती त्याच्या पोटापाण्याचं बोलणं चाललं होतं, आणि मी मध्येच घुसले. तरी त्यांनी सभ्यपणे विचारलं, "साइझ काय?" मला सांगता येईना. दोन्ही हात पसरून हवेत दाखवला.

गॅलरी म्हणजे नुसत्या रिकाम्या भिंती नव्हेत. कुणाची तरी ठाम आवड असते, ठरलेले चित्रकार असतात, त्यांचे ठरलेले ग्राहक असतात. आपलं काम तिथे शोभेल का, हे तिथली तीन-चार प्रदर्शनं नीट बघितल्याशिवाय कळत नाही. मग चाळिसातल्या पाचच उरतात, आणि पाच मेल मन लावून लिहिता येतात. एकाच मालिकेतली दहा-पंधरा चित्रं, प्रत्येकाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, साइझ. बास. "आम्ही न मागवलेलं काम बघत नाही" असं वेबसाइटवर लिहिलं असेल तर ते खरंच तसं असतं, तिथे नशीब आजमावू नये.

आता ओळखीचं. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, फक्त तो ओळख म्हणजे वशिला समजतोय. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच चित्रकार मोने लंडनला गेला, तिथे दोबिन्यी या दुसऱ्या चित्रकाराने त्याची गाठ चित्रविक्रेता पॉल द्युराँ-रुएलशी घालून दिली. पुढे याच विक्रेत्याने मोने आणि त्याच्या सोबतच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना वर्षानुवर्षं तगवलं. १९५७ मध्ये गॅलरीवाला लिओ कॅस्टेली न्यूयॉर्कमध्ये चित्रकार रॉशेनबर्गचं काम बघायला गेला, तिथे त्याच इमारतीत राहणाऱ्या जॅस्पर जॉन्सचं काम त्याला दिसलं, आणि १९५८ मध्ये त्याने जॉन्सचं एकल प्रदर्शन भरवलं. दोन्हीकडे दुवा कोण? दुसरा चित्रकार. म्हणून मी मालकांच्या मागे लागण्यापेक्षा शेजारच्या स्टुडिओत जास्त जाते. (तिथे गप्पाही बऱ्या होतात.)

पैशांबद्दल मात्र ताकाला जाऊन भांडं लपवू नये. बऱ्याच गॅलऱ्या विक्रीच्या ५० टक्के घेतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण जागा, माणसं, जाहिरात आणि ग्राहक त्यांचे असतात. मला भीती दुसऱ्यांची वाटते, जे "तुमची निवड झाली" म्हणतात आणि पुढच्याच ओळीत आपल्याकडेच पैसे मागतात. हॉल भाड्याने घेणं गैर नाही, पण ते भाडं आहे, निवड नव्हे. ज्याची कमाई आपल्याच खिशातून झाली, तो चित्र विकायला कशाला धडपडेल? आणि काम ठेवून यायचं तर लेखी: कुठली चित्रं, काय किंमत, फ्रेम, वाहतूक आणि विमा कुणाकडे, सवलत दिली तर कुणाच्या वाट्यातून, विकल्यावर पैसे किती दिवसांत. मी एकदा हे न लिहिता चित्रं ठेवली होती. आठ महिने फोन करत होते.

त्या उद्घाटनाहून घरी आले आणि पहिल्यांदा टेप काढून सगळी चित्रं मोजली. जे मी हवेत एवढं मोठं दाखवलं होतं, ते प्रत्यक्षात निम्मंच निघालं.