साठ तासांचा कागद

आज दुपारी चारला आमच्या वस्तीतली अभ्यासिका उघडायला गेले तर दारात अकरा मुलंमुली उभी. कॉलेजची. प्रत्येकाच्या हातात सीईपीचा, म्हणजे समाजसहभाग प्रकल्पाचा, छापील कागद. "मॅडम, सीईपीचे साठ तास आहेत, पुढच्या शुक्रवारी सबमिशन आहे. तुम्ही सांगाल ते करू. फक्त फोटो जीपीएस कॅमेऱ्यातून काढावे लागतील." एकानं विचारलं, भिंत रंगवू का? आमची भिंत गेल्या वर्षी दोनदा रंगवून झालीय, दोन वेगळ्या कॉलेजांकडून.

मी एकाही कागदावर सही केली नाही. पोरं परत गेली. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

नवीन शैक्षणिक धोरणात पदवीला समाजसहभागाचे दोन क्रेडिट आले. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे साठ. बरं केलं, यायलाच हवे होते. पण हे साठ तास ज्यांच्या दारात काढायचे, त्यांना कुणी विचारलं का? किती जण येणार, कधी येणार, काय करणार, सगळं कॉलेजात ठरतं, आणि वस्तीनं फक्त फोटोसाठी उभं राहायचं. आमच्या एकाच गल्लीत एका वर्षात तीन सर्वेक्षणं झाली. घरात माणसं किती, संडास आहे का, कमाई किती. तिसऱ्या वेळी एका आजींनी विचारलं, "मागच्या पोरींना सांगितलं होतं, त्याचं काय झालं?" त्या मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

अशा वेळी मला दर वेळी तो मुलगा आठवतो. आठेक वर्षं झाली. दुसरीत होता. वाचताना जोडाक्षर आलं की त्यावर बोट ठेवून गप्प बसायचा. कॉलेजची एक ताई बुधवारी आणि शनिवारी यायची. ती त्याला चिठ्ठ्यांवर शब्द लिहून द्यायची. रस्ता, पुस्तक, चष्मा, दर वेळी पाच. त्या चिठ्ठ्या तो बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. दिवाळीच्या आधी तिचे तास भरले. सुट्टीनंतर अभ्यासिका सुरू झाली तेव्हा ती आली नाही. हा पोरगा तीन आठवडे, बुधवारी आणि शनिवारी, डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, ताई आली की येतो.

त्या मुलीवर मी कितीतरी दिवस चिडून होते. ही पोरं येतात, वापरतात आणि जातात, असं चारचौघांत बोललेही आहे.

पण ती मुलगी चुकली नव्हती. तिचे तास कधी संपतात ते माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. शेवटच्या दिवशी मुलांना सांगून जा, हे तिला कुणी सांगायचं? मीच ना? तिच्या जागी त्या मुलाजवळ दुसरं कोण बसणार, हे कुणी ठरवायचं? अठरा वर्षांच्या मुलीला कुठून कळणार की तिची वाट पाहणारं कुणी आहे!

म्हणून कॉलेजांवर कितीही राग असला तरी आज मी वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्या संस्थांवर जास्त चिडलेय. आपण नाही म्हणत नाही. पुढे देणगी मिळेल, ओळख राहील, म्हणून अकरा काय, पन्नास पोरंही घेतो आणि त्यांच्या हातात झाडू नाहीतर ब्रश देतो. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तासांचा हिशेब तेव्हापासून आहेच. आमच्या एनएसएसच्या शिबिरात आम्ही झाडं लावायला गेलो होतो. गावानं सांगितलं, झाडं राहू द्या, आधी ओढ्यातला गाळ काढा. काढला. बाबा आमटेंनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे पोरांनी काय करायचं ते बोलावणारे ठरवतात. आपणच का गप्प बसतो?

आमच्याकडे कामं नाहीत असं नाही, ढीग पडलाय. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांचे ऑनलाइन अर्ज सुटले की आयाबाया कागद घेऊन माझ्यामागे फिरतात. जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं, आधारवरचं वेगळं. तिथे शेजारी बसून शांतपणे अर्ज भरणारी दोन मुलं मिळाली तर माझा महिना वाचतो. कुठलं मूल शब्दापर्यंत वाचतं आणि कुठलं गोष्टीपर्यंत, याची नोंद ठेवणारं कुणी हवंय. पण त्यासाठी एका वेळी चारच जण हवेत, आणि आधी दोनदा नुसतं येऊन बसायची तयारी हवी. सर्वेक्षण करायचंच असेल तर त्यातून काय निघालं ते त्याच गल्लीत उभं राहून मराठीत वाचून दाखवा.

हो, प्राध्यापकांवर ढिगानं अहवालांचा बोजा असतो, मान्य. चार मुलं सांभाळायलाही आमच्यातल्या कुणाचा तरी अर्धा दिवस जातो, हेही खरं. तो अर्धा दिवस कॉलेजनं पैसे देऊन भरून काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटणार नाही, चालेल.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आजच्या अकरांतला एक मुलगा बाकीचे निघाल्यावरही थांबला होता. "मॅडम, मग आम्ही नेमकं काय करायचं?" असं त्यानं विचारलं. वाद घालत नव्हता, खरंच विचारत होता. मी घाईत "सरांना विचार" म्हटलं आणि आत गेले. तेवढं बोलायला नको होतं. पायरीवर बसलेल्या त्या पोराला मी तेव्हा असंच "येईल रे ताई" म्हणून टाळलं होतं.

आत्ताच त्यांच्या सरांना मेसेज केलाय. चौघांना पाठवा, पुढच्या शुक्रवारचं विसरा, मार्चपर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी साडेपाचला. शेवटचा दिवस कोणता ते पहिल्याच दिवशी मुलांसमोर फळ्यावर लिहायचं. त्यांच्याबरोबर घरोघरी जायला आमच्या मावशींना वेळ आहे का, ते सकाळी विचारते. सरांचं उत्तर अजून आलेलं नाही.